सकाळी अकराचा सूर्यास्त

सोमवारी सकाळी अकरा वाजता आमच्या टीमलीडने मला सांगितलं, "सर, वुई आर सनसेटिंग युवर रिपोर्ट." मी आधी खिडकीबाहेर पाहिलं. ऊन रणरणत होतं.

"म्हणजे बंद करताय?"

"बंद असं नाही हो सर. सनसेट."

"मग पुढच्या सोमवारी पाठवू?"

"नाही नाही, पाठवायचा नाही."

"म्हणजे बंदच की!"

पोरगा कळवळला. मी शिवी दिल्यासारखं त्याने इकडेतिकडे पाहिलं. "सर, 'बंद' फार निगेटिव्ह वाटतं. तुम्ही फक्त हे ॲक्शन करा. मी तुम्हाला कॅलेंडर करतो, मग बसून सोल्यूशन करू."

मला कॅलेंडर करणार! म्हणजे खिळा ठोकून भिंतीला टांगणार, कालनिर्णयशेजारी?

शेजारी बसलेली इंटर्न भक्तिभावाने सगळं टिपून घेत होती. डोकावलो, तर वहीत लिहिलेलं : 'काका – सनसेट.' रिपोर्टचं नावच नाही. थेट काका.

बेंजामिन फ्रँकलिन १७८९च्या डिसेंबरात कोशकार नोहा वेब्स्टरपुढे असाच कुरकुरला होता. नोटिस, ॲडव्होकेट, प्रोग्रेस या नामांची लोक क्रियापदं करतात, त्यांना जरा झोडा, असं त्याने पत्रात लिहिलं. चार महिन्यांच्या आत बिचारा गेला. ते तिन्ही शब्द अजून ठणठणीत आहेत.

आपणही काही सोवळ्यातले नाही म्हणा. हातापासून हाताळलं, लाथेपासून लाथाडलं, पाण्यावरून डोळे पाणावले. पण लाथाडलं म्हटलं की लाथ कुणाची आणि बसली कुणाला, हे तरी कळतं. सूर्य आपला आपण मावळतो, त्याला कुणी मावळवत नाही. म्हणूनच साहेबलोकांना हा शब्द आवडत असणार. बंद करणारा कुणी नाहीच, आपोआप अंधार पडला!

अकरा वर्षं रविवारी रात्री जेवण उरकून त्या रिपोर्टचे आकडे जुळवत बसायचो. एकदा तर त्याच्यापायी मुलीच्या गॅदरिंगमधून, तिचा नाच व्हायच्या आधी, उठून आलो होतो. 'बंद' म्हणायला दोन अक्षरं लागतात. तेवढीसुद्धा माझ्यावर खर्च करवली नाहीत.

घरी हे सगळं सांगितलं. बायको म्हणाली, "बरं झालं. आता रविवारी मेथी तू निवड."

तेवढ्यात फोन वाजला. पोराने खरंच कॅलेंडर केलं होतं : 'सनसेट डिस्कशन', शुक्रवार, संध्याकाळी साडेसहा.

वेळ तरी बरोबर काढलीय.