ओन्ली फाइव्ह मिनिट्स!
कोचीतल्या मट्टनचेरीला तिसऱ्यांदा गेले आणि तिसऱ्यांदा मसाल्याच्या 'होलसेल' दुकानासमोर उतरवली गेले! मी सांगितलं होतं १५६८ सालचं 'परदेशी सिनेगॉग', म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर. रिक्षावाल्याचं पालुपद ठरलेलं, "ओन्ली फाइव्ह मिनिट्स मॅडम, नो बाय, ओन्ली लुक." हो, गिऱ्हाईक आणलं की दुकानातून तुला कूपन मिळतं ना बाबा! मग दुकानदार नाकाशी वेलदोडे धरणार, खांद्यावर पश्मिना टाकणार. कोचीच्या घामट उकाड्यात पश्मिना! तोवर सिनेगॉग बंद. उद्या शनिवार, ज्यूंचा विश्रांतीचा वार, म्हणजे उघडणारच नाही. मट्टनचेरीच्या राजवाड्याला आज शुक्रवारची सुट्टी. (बांधला पोर्तुगीजांनी, नाव डच पॅलेस. असो.) बिर्याणीवाल्याकडे धावले, तर पातेलं खरवडून पालथं घातलेलं. पर्समध्ये मात्र पुन्हा पाव किलो मिरी. मागच्या खेपेची अजून डब्यात तशीच आहे.