म्हणे, आपला विषाणू बाहेरच्यांना कशाला द्यायचा!

सकाळी नातेवाइकांच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड आलं. बर्ड फ्लू वगैरे सब झूठ. परदेशी लॅबवाले आपले नमुने नेतात, लस बनवतात आणि आपल्याच गळ्यात मारतात. खाली अंगठ्यांची रांग. शिकल्या-सवरल्या माणसांचे अंगठे! डोकंच फिरलं.

अरे, २००६ च्या फेब्रुवारीत नवापूरला काय झालं ते यातल्या निम्म्यांनी डोळ्यांनी पाहिलंय. काकांची लेअरची, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांची, पोल्ट्री होती. कोंबड्या माना टाकायला लागल्या, तुरे निळे-काळे पडले. जो तो म्हणे, रानीखेत, कोंबड्यांचा जुनाच रोग. काकाही तेच म्हणत, कारण रानीखेत आणि बर्ड फ्लू यांत नुसतं बघून फरक करणं भल्याभल्यांना जमत नाही. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि १८ तारखेला देशाला कळलं, एच५एन१, म्हणजे बर्ड फ्लूचाच विषाणू. भारतातल्या कोंबड्यांमध्ये पहिल्यांदाच.

आता गंमत ऐका. २००५ मध्ये चीनच्या छिंगहाय सरोवरावर हजारो रानपक्षी मेले, त्यात पट्टकादंबही होते. हिमालय ओलांडून हिवाळ्यात आपल्याकडे येतात तेच. नवापूरचा विषाणू त्याच घराण्यातला निघाला. पाहुण्या पक्ष्यांनी आणला की कोंबड्यांच्या व्यापारातून आला, यावर वाद घाला खुशाल. पण घराणं कळलं ते तिकडच्या आणि इकडच्या विषाणूचे जनुकीय क्रम, म्हणजे जनुकांमधल्या अक्षरांची ओळ, शेजारी-शेजारी ठेवले म्हणून. प्रत्येकाने आपापलं कपाट कुलूपबंद ठेवलं असतं तर हे घराणं आजही कळलं नसतं.

२००६ मध्येच इटलीतल्या पादोव्याच्या विषाणूतज्ज्ञ इलारिया कापुआ बाईंनी नायजेरियातल्या विषाणूचा क्रम निवडक लोकांच्या पासवर्डवाल्या खात्यात ठेवायला नकार दिला आणि सरळ सगळ्यांसाठी खुला केला. अशी माणसं आहेत म्हणून चाललंय. मला तर त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटतं.

हो, इंडोनेशियाचं माहितीये मला. २००७ मध्ये त्यांनी नमुने अडवले, कारण विषाणू त्यांचा आणि लस श्रीमंतांची. रास्त होतं ते. म्हणून तर २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेत नमुन्यांच्या बदल्यात लशीचा वाटा देण्याचा करार झाला. भांडून हक्क मिळवला त्यांनी, फॉरवर्ड करून नाही.

आणि अमेरिका! २०२४ मध्ये गायींमध्ये सापडलेल्या याच विषाणूचे क्रम सगळ्यांसाठी टाकले, तर सुरुवातीला ना नीट तारीख, ना राज्याचं नाव. पुढच्याच वर्षी आरोग्य संघटनेतून बाहेर पडायची घोषणा. एवढ्या मोठ्या देशाने असं वागावं?

आपली भोपाळची प्रयोगशाळा आज जागतिक पशुआरोग्य संघटनेची संदर्भ प्रयोगशाळा आहे. नागपूरच्या गोरेवाड्याच्या प्राणी बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेले, तेव्हा कारण बर्ड फ्लू आहे हे तिथेच कळलं. अभिमान वाटायला हवा, तर आपण संशय घेतोय.

काकांवर मात्र मी चिडत नाही. तेव्हा साथ थांबवायला सगळ्या कोंबड्या मारून पुरल्या; चुन्याच्या खड्ड्यात त्यांच्याबरोबर अंड्यांचे ट्रेही गेले, दाणा तसाच भरून राहिला शेडमध्ये. ते अजून म्हणतात, "मर लागली की लोक आधी लपवतात, पोरी. सरकारी भरपाई कधी हातात पडेल त्याचा भरवसा नसतो." हे मात्र खरं आहे. नमुना गावातून निघालाच नाही तर भोपाळ काय करणार आणि पादोवा काय करणार? भरपाईचे पैसे वेळेवर खात्यात टाका, मग फॉरवर्डवाल्यांना कुत्रं विचारणार नाही.