लिंक मागून लाजवू नका

दुर्मीळ संगीत ऐकण्याचा छंद लावून घ्यायचा असेल तर एक पथ्य आधी पाळा. जे संगीत चारांहून जास्त माणसांना आवडलंय ते तुम्हाला आवडता कामा नये. चार म्हणजे चारच. पाचवा ऐकणारा आला की त्या कलाकारावरची माया आटवा आणि "त्याचं आधीचं काम बरं होतं" असं म्हणायला लागा. आधीचं काम नसलं तरी बिघडत नाही, कारण विचारणाऱ्यानेही ते ऐकलेलं नसतं.

हा छंद कोकणात राहून करणाऱ्याला निसर्गाची साथ आहे. पुण्या-मुंबईच्या माणसाला दुर्मीळ संगीत नुसतंच दुर्मीळ असतं, आपल्याकडे त्यात रेंजची भर पडते. घर वाडीत, वाडी डोंगराच्या पायथ्याशी आणि रेंज वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर. तेव्हा एस्टोनियातल्या कुणा मुलाने झोपायच्या खोलीत बसून केलेला अल्बम उतरवायला बाईक काढून सड्यावर जा. फ्लॅकच घ्या, म्हणजे आवाजातलं काहीही न गाळणारी जाडजूड फाइल, तीनशे एमबीच्या खाली उतरू नका. एक हात वर करून जांभ्यावर अर्धा तास उभं राहिलात की काजूच्या बागेकडे जाणारे काका थांबून विचारतील, "फोन लागना नाय काय रे?" नाही लागत म्हणा. समजवायला गेलात तर तेही पाचवे व्हायचे.

फाइल आली की लगेच ऐकायला बसू नका, ती नवशिक्यांची सवय. आधी तिचा स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजातल्या खालच्या-वरच्या सुरांचं चित्र, काढा. मूळ १२८ केबीपीएसची, म्हणजे आवाज गाळून लहान केलेली, एमपीथ्री असेल आणि कुणी ती फ्लॅकच्या कपड्यात घालून पाठवली असेल, तर साधारण सोळा हजार हर्ट्झच्या वरचं चित्र कापल्यासारखं रिकामं दिसतं. रिकामं दिसलं की पाठवणाऱ्याची चारचौघांत अब्रू काढा. पन्नाशी गाठलेल्या बहुतेक कानांना तेवढ्या वरचं ऐकूच येत नाही, असं एखादा डॉक्टर मित्र म्हणेल. त्याला गप्प करा. आपण डोळ्यांनी ऐकतो. आणि बाहेर पागोळ्या आणि बेडूक मिळून असा काही गोंधळ घालत असतात, की सोळा हजारच काय, सहाशेही नीट पोचत नाही.

मग लावा. मोठ्याने लावा, म्हणजे घरच्यांवर संस्कार होतील. एकच सूर अकरा मिनिटं घुमत राहतो, मध्येच थरथरतो, पुन्हा घुमतो. बाराव्या मिनिटाला मागच्या पडवीतून आजी ओरडते, "रे झिला, पंप बंद कर, टाकी भरान व्हावता हा!" रागावू नका. अल्बमखालची टीप वाचलीत तर कदाचित तो खरोखर पंपच निघेल, कुठल्या तरी गोदीतला, पहाटे मुद्दाम ध्वनिमुद्रित केलेला. आजीचं मत जपून ठेवा आणि पुढे कुणाला अल्बमबद्दल सांगताना "पाण्याच्या अटळपणाचं चिंतन" म्हणून वापरा. तिचं नाव मात्र घेऊ नका, श्रेय वाटलं की कमी होतं.

बैठकीत अडचण आली तर हुकमाचा एक्का टाका, चरणजीत सिंग. हिंदी सिनेमांत वाजवणारा हा मुंबईचा वादक. रोलंड कंपनीने १९८१ च्या सुमारास टीबी-३०३ नावाची पेटी काढली होती, गिटारवाल्याला घरबसल्या बेसची साथ मिळावी म्हणून. कुणाला ती फारशी रुचली नाही आणि १९८४ पर्यंत बंदही झाली. चरणजीतनी १९८२ मध्ये ती टीआर-८०८ या तालयंत्राला जोडली, सोबत ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर घडवणारं वाद्य, घेतला आणि भैरवी, ललत, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून रेकॉर्ड काढली. ती काही खपली नाही. त्याच टीबी-३०३ ची बटणं पिळून शिकागोच्या पोरांनी १९८७ मध्ये ॲसिड हाउस हे नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत जन्माला घातलं. चरणजीतची रेकॉर्ड एका डच माणसाच्या हाती लागली, २०१० मध्ये त्याने ती पुन्हा काढली आणि मग आपल्याला कळलं की आपण केवढे पुढे होतो. तोवर ती रेकॉर्ड आपल्याच दुकानांत धूळ खात होती.

अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेचीही तीच कथा. १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर या अमेरिकी संगीतकाराने तिथे मूग सिंथेसायझर बसवून दिला. पुढची दोन-तीन वर्षं गीता साराभाईंसारख्या मंडळींनी त्यावर प्रयोग केले आणि टेप कपाटात गेल्या. त्या बाहेर आल्या २०२३ मध्ये, आणि शोधणारा आला होता लंडनहून. तात्पर्य, घाई करू नये. आपलं काहीही आपण होऊन ऐकायचं नाही. बाहेरून माणूस येतो, तो सांगतो.

म्हणूनच माळ्यावरच्या खोक्याला हात लावू नका. त्यात जत्रेत घेतलेल्या डबलबारीच्या, म्हणजे दोन बुवांच्या आमनेसामने भजन-सामन्याच्या, कॅसेटी आहेत. वेष्टणावर फेटा बांधलेल्या दोन बुवांचे फोटो, एकाची मिशी छपाईत गालावर सरकलेली, मागे निळं आकाश. कडेच्या खिडकीतून पाहिलंत तर टेपच्या गुंडाळीवर पांढरी बुरशी दिसते. आपल्या चार महिन्यांच्या पावसाची ती सही आहे. स्क्रूची कॅसेट असेल तर उघडून हलक्या हाताने साफ करता येते, पण कराल कशाला? चुकून लावलीत तर पंचाईत. आत पखवाज, झांजा आणि माइकला दिलेला असा इको, की बुवांचा शब्द संपायच्या आत मागचा शब्द फिरून येतो आणि समोरच्या बुवाला टोमणा दोनदा बसतो. याच इकोवर जमैकात डब नावाचं अख्खं घराणं उभं राहिलं. तिथलं असेल तर जरूर ऐका.

अलिबाग-उरणकडच्या हळदीतल्या बेंजोचाही मोह टाळा. बुलबुल तरंगाला पिकअप लावून भोंग्यात सोडलेला तो करकरीत सूर, शेजारी ऑक्टोपॅड हे विजेवरचं तालवाद्य, सगळं सामान टेम्पोवर. मागे कंपनी नाही, मॅनेजर नाही, यंत्रं कर्ज काढून घेतलेली. पण समोर दोनशे माणसं नाचत असतात. चाराचा नियम आठवा.

आता वाटण्याबद्दल. वाटायचं जरूर, फक्त पोचू द्यायचं नाही. अल्बमच्या वेष्टणाचा किंचित हललेला फोटो पाठवा, खाली लिहा, "सध्या हेच." कुणी नाव विचारलं तर "तुला झेपेल का बघ" म्हणा. लिंकच मागितली तर "पाठवतो" म्हणा. कोकण रेल्वेत असाल तर फारच सोपं, रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटर लांब आहे. आत शिरताना "पाठवतो रे" म्हणायचं. पलीकडे उजेडात येईपर्यंत विषय आंब्याच्या भावावर गेलेला असतो.

आणि विकत घेऊ नका, ही कळकळीची विनंती. बँडकॅम्प या कलाकारांचं संगीत विकणाऱ्या साइटवर डिजिटल अल्बम घेतलात तर साइट साधारण पंधरा टक्के ठेवते आणि पैसे दिल्याघेतल्याचा खर्च वजा जाता उरलेलं कलाकाराच्या पदरात पडतं. पैसे मिळाले की तो दुसरा अल्बम करतो, त्याचं नाव होतं, पाचवा ऐकणारा येतो. चांगल्या कलाकाराचं असं वाटोळं आपल्या हातून कशाला? विशलिस्टवर टाकून ठेवा.

एखाद्या मे महिन्यात होमस्टेला गोरा पाहुणा येईलच. तो खोकं मागेल, द्या. पुढे कधीतरी त्यातली एक कॅसेट जाड रेकॉर्ड होऊन युरोत विकायला येईल, आत इंग्रजी पुस्तिकेसह. तीही विशलिस्टवर टाका आणि जगाला सांगा, "आमच्याकडे ओरिजनल होती." बुवा पलीकडच्या वाडीत राहतात, अजून गातात. त्यांना ही बातमी द्यायला मात्र जाऊ नका. ते चहा टाकायला सांगतील, पेटी पुढे ओढतील, आणि मग तुम्हाला पूर्ण बारी ऐकावी लागेल, तीही गजरासकट.