दीड डॉलरची म्हातारी सवलत

काल बॉस्टनमध्ये एका तिकीटखिडकीतल्या पोरीनं माझ्याकडे बघून विचारलं, "टू सीनियर्स?"

मी 47 वर्षांचा आहे. शेजारी उभे होते ते बायकोचे काका, वय 73, मुक्काम पोस्ट सातारा, केसांना ताजा कलप.

मी तोंड उघडणार तोच काकांनी दटावलं, "गप्प बस. माणशी दीड डॉलर वाचतोय."

"अहो काका, पण मी..."

"तिनं आपणहून विचारलंय. आपण कुठं खोटं बोललो?"

"ओळखपत्र मागितलं तर?"

"तुझं तोंड बघून कोण मागतंय!"

नाहीच मागितलं. उलट, जिना अरुंद आहे, सावकाश चढा, असं म्हणाली. मला. काकांना नाही.

फ्रीडम ट्रेल म्हणजे गावातून चार किलोमीटर जाणारी लाल रेघ, बरीचशी विटांची. ती धरून चाललं की 16 ऐतिहासिक ठिकाणं लागतात. काकांना एकही पटलं नाही. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला नायक पॉल रिव्हिअर, त्याचं घर बघून म्हणाले, "हे जुनं? आमच्याकडं शनिवारवाडा आहे." घर 1680 च्या सुमाराचं, शनिवारवाड्याच्या पन्नासेक वर्षं आधीचं. हे सांगितल्यावर म्हणाले, "पण लाकडी आहे." शनिवारवाडा 1828 साली जळला तो काय नुसता दगडाचा होता म्हणून? पण पाहुण्यांशी वाद घालायचा नाही, अशी घरातून ताकीद होती.

गाडी लावायला पडले तेवढ्यात आमची पूर्ण तिकिटं येऊन वर चहा झाला असता. चहाचं तर बोलूच नये. या गावानं 1773 साली करापायी 342 पेट्या चहा बंदरात ओतला, आणि आज मला मिळतं कोमट पाणी, त्यात दोऱ्याला लटकलेली पुरचुंडी. अडीचशे वर्षांत पुन्हा भरलाच नाही वाटतं.

शेवटी बंकर हिलच्या लढाईचा स्मारक-मनोरा. 294 पायऱ्या, लिफ्ट नाही. मी सीनियर नाही हे दाखवायला चढलो. दोनशेच्या आसपास भिंतीला टेकलो, तर मागून आलेल्या आठ-नऊ वर्षांच्या पोरानं आईला हाक मारून सांगितलं, थांब, आजोबांना आधी जाऊ दे.

खाली काका बाकावर चिवडा खात माहितीपत्रक वाचत होते. "अरे, ही बंकर हिल नव्हेच. ही ब्रीड्स हिल. 1775 ची लढाई झाली हिच्यावर, नाव लागलं पलीकडच्या टेकडीचं. वय माझं, सवलत तुला, तसंच!"

आज गुडघे धरलेत. काकांनी त्यांची मलमाची ट्यूब दिलीय. संपवू नकोस, असंही बजावलंय.