हजेरी पूर्ण आहे म्हणून तब्येत बरी आहे असं नसतं

नमस्कार सर, तुमची कॉमेंट दोनदा वाचली. तुम्ही म्हणता पूर्ण हजेरीचा बोनस बंद केला तर लोक दांड्या मारतील, आजारपणामुळे काम किती कमी झालं हे मोजता येत नाही कारण फॉर्मवर कोणीही काहीही लिहितं, आणि तुमच्या कंपनीत योगाला येणारे लोक रजा कमी घेतात तेव्हा सगळ्यांनी योगा सुरू करावा.

फॉर्मचं अर्धं मला पटतं. गेल्या सात दिवसांत तब्येतीमुळे कामावर किती परिणाम झाला, ० ते १० मध्ये सांगा, असा प्रश्न असतो आणि वर नाव, एम्प्लॉयी कोड, शेजारी सुपरवायझर उभा. कोण खरं लिहिणार? मीसुद्धा शून्यच लिहीन. म्हणून नाव नको आणि कागद एचआरकडे जायला नको.

पण फॉर्मशिवायही मोजता येतं ना. इंडोनेशियात रबराच्या मळ्यातल्या कामगारांवर एक अभ्यास झाला, १९७९ मध्ये छापून आला. रोज किती चीक गोळा केला ते वजन करून कळायचं, म्हणजे कुणाला काही विचारायचीच गरज नाही. अंगात रक्त कमी असलेल्यांचा चीक कमी भरायचा, त्यांना ६० दिवस लोहाच्या गोळ्या दिल्या तर तो जवळजवळ इतरांच्या बरोबरीला आला. आणि आपल्याकडे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना अ‍ॅनिमिया, म्हणजे हेच रक्त कमी असणं, निघाला, त्यातल्या कितीतरी तुमच्या-माझ्या लाईनवर उभ्या असणार.

मी सहा वर्षं औषधांच्या पॅकिंगला क्वालिटीत होते. बेल्टवरून गोळ्यांच्या स्ट्रिप येतात, एखादा खण रिकामा दिसला की ती स्ट्रिप उचलून बाजूला टाकायची, एवढंच काम, पण आठ तास नजर हलवायची नाही. एक ताई होत्या, २६ पैकी २६ दिवस हजर, बोनस दर महिन्याला. शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत त्यांच्या टेबलावरून रिकाम्या खणाच्या स्ट्रिप पुढे जायच्या आणि त्या बेल्टची कड घट्ट धरून उभ्या असायच्या. हिमोग्लोबिन सात निघालं, म्हणजे अंगात रक्त फारच कमी. चक्कर येत असूनही यायच्या कारण एक खाडा झाला की महिन्याचा बोनस गेला, ईएसआयमध्ये, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, आजारपणात पगाराचे ७० टक्के मिळतात पण पहिले दोन दिवस साधारण धरत नाहीत, मग एका दिवसाच्या तापाला कोण घरी बसेल? त्या रजिस्टरमध्ये बोनसची गरज मोजली जात होती सर, तब्येत नाही.

आता योगा. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने २०१६ मध्ये कर्मचाऱ्यांसाठीच्या एका आरोग्य कार्यक्रमाबाबत जवळपास ५,००० कर्मचाऱ्यांवर हेच तपासलं. कार्यक्रमाला स्वतःहून येणारे आणि न येणारे अशी तुलना केली तर येणारे सरसच दिसत होते, पण चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून बघितलं तर बहुतेक बाबतीत फरक उरलाच नाही, कारण जे आधीपासून धडधाकट तेच पुढे येत होते. तुमच्याकडे योगाला येणाऱ्यांची योगा सुरू व्हायच्या आधीच्या वर्षाची रजा काढून बघा ना.

आणि पॅकिंगला बायका असतील तर शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत किती चुका सुटतात तो आकडा वेगळा ठेवा, एक हिमोग्लोबिन कॅम्प लावा, गोळ्या द्या, तीन महिन्यांनी परत आकडा बघा. रिपोर्ट मात्र ज्याचा त्याच्याच हातात द्यायचा, ऑफिसात कॉपी ठेवायची नाही.