जुलैत नाही सांगत

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांब होणार आहे. कामं असतील त्यांनी खुशाल पुढे जावं.

लेकीच्या समर कॅम्पमध्ये आज दुपारी 'नवाहो प्राणीकथा' असा तास होता (नवाहो म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक जमात), पालकांनाही बोलावलं होतं. मी लॅबमधून अर्धी रजा टाकून गेले. स्टेजवर एक उत्साही बाई, डोक्यावर पिसांचा भलामोठा मुकुट. (तो मुकुट मैदानी जमातींचा, लाकोटा वगैरेंचा. नवाहोंचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. कोल्हापूरची गोष्ट सांगायला पंजाबी पगडी बांधून उभं राहावं तसं. पण ते असो.) गोष्ट कायोटीची, म्हणजे आपल्या कोल्ह्याच्या अमेरिकन भाऊबंदाची. हातात बाहुली, घशातून उगाच खोटं गुरगुरणं, सगळं इंग्रजीत.

इथे ॲरिझोनात, फ्लॅगस्टाफला जुलैत पाऊस असतो, इथले लोकही त्याला मॉन्सूनच म्हणतात. दुपारी ढग भरून आले आणि ऐन गोष्टीत गडगडलं. दुसऱ्या रांगेत एक नवाहो आजी नातवाला घेऊन बसल्या होत्या. मखमली पोलकं, मनगटावर पिरोज्याचं कडं. त्या वाकल्या, नातवाच्या कानात काहीतरी बोलल्या, त्याचा हात धरला आणि शांतपणे बाहेर गेल्या. तक्रार नाही की तमाशा नाही. स्टेजवरच्या बाईंना पत्ताच नाही. त्यांनी गोष्ट संपवली आणि विचारलं, "तर मुलांनो, यातून आपण काय शिकलो?"

तुम्ही काय शिकलात बाई, ते सांगा आधी!

नवाहो स्वतःला 'दिने' म्हणतात. त्यांच्या भाषेत कायोटी म्हणजे 'मँई'. आणि मँईच्या गोष्टी थंडीतच सांगायच्या असतात. साप आणि अस्वलं झोपी गेली, बर्फ पडला की सुरू. नव्या वर्षाची पहिली मेघगर्जना झाली की बंद. बोटांत दोरा गुंफून आकृत्या करायच्या खेळालाही हाच नियम. हे मी कुठे वाचून सांगत नाहीये. मला हे एका सरड्यामुळे कळलं.

आमच्या लॅबमध्ये एक दिने बाई आहेत, साठीच्या. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. चार वर्षांपूर्वी अशाच जुलैत आम्ही डबा खायला मागच्या पार्किंगपाशी बसलो होतो. दगडाजवळ एक काटेरी सरडा, चपटा, तळहातावर मावेल एवढा. मी पाय वर घेतले. बाईंनी त्याला अलगद उचललं, छातीशी धरलं आणि अगदी हळू म्हणाल्या, "या'आतेह, शिचेइ." नमस्कार, आजोबा. आजोबा म्हणजे आईचे वडील. थोडा वेळ तसाच धरून मग होता तिथे ठेवला, उरलेला सँडविच खाल्ला. मी विचारलं, सरडा आजोबा कसा काय? त्या म्हणाल्या, "त्याची गोष्ट आहे. बर्फ पडल्यावर विचार."

मला वाटलं टाळतायत.

तर आज घरी येऊन मी रागारागात आमच्या मंडळाच्या ग्रुपवर हे सगळं टाकलं. एका सद्गृहस्थांचं ताबडतोब उत्तर: "ही अंधश्रद्धा आहे. भाषा वाचवायची तर गोष्टी रेकॉर्ड करा, यूट्यूबवर टाका. सापाला काय कळतंय जुलै की डिसेंबर." खाली सात अंगठे.

अहो काका, तुमच्या घरी शुक्रवारची कहाणी कधी वाचतात? मार्चमध्ये? मी लहानपणी दिवाळीच्या सुट्टीत मिरजेला आजीच्या मागे लागले होते, ती खुलभर दुधाची गोष्ट सांग म्हणून. आजी म्हणाली, "श्रावणात. सोमवारी. हातात अक्षता घेऊन." रडले, तरी नाही सांगितली. तेव्हा आजीला कोणी अंधश्रद्धाळू म्हणालं असतं तर याच ग्रुपवर केवढा गहजब झाला असता! आपलं ते व्रत आणि दुसऱ्याचं ते खूळ. आणि खरं सांगू? श्रावणी सोमवारी पाटावर बसून 'आटपाट नगर होतं' ऐकताना अंगावर जो काटा आला, तो आठ महिने वाट पाहिल्यामुळेच आला.

डिसेंबरात बर्फ पडला. मी विसरून गेले होते, बाई विसरल्या नव्हत्या. जेवणाच्या सुट्टीत खुर्ची ओढून बसल्या, म्हणाल्या, "आजोबांचं विचारत होतीस ना?" आधी त्यांच्या भाषेत, मग माझ्यासाठी इंग्रजीत. सुरुवातच अशी: मँई दुडक्या चालीनं चालला होता, 'जिनी'. वाक्यावाक्याला जिनी. मी विचारलं, हे जिनी काय? इंग्रजीत त्यांना नीट सांगताच येईना. 'लोक सांगतात', 'असं ऐकलंय'... मी म्हटलं, कळलं, कळलं! आमच्याकडे 'म्हणे' म्हणतात. कोल्हा चालला होता, म्हणे. वाटेत शेत लागलं, म्हणे. एवढ्याशा शब्दात सांगणारा बाजूला होतो आणि त्याच्यामागे आज्या-पणज्यांची रांग उभी राहते. इंग्रजीत तो शब्दच गळून पडतो आणि गोष्ट एकट्या बाईची होते, पिसं लावलेल्या.

आणखी एक गंमत. त्यांच्या भाषेत 'दे' किंवा 'उचल' म्हणायला एक क्रियापद नाही, दहा-अकरा आहेत. लांब काठीसारखं असेल तर वेगळं, दोरीसारखं लोंबतं असेल तर वेगळं, चिखलासारखं लिबलिबीत असेल तर आणखी वेगळं. म्हणजे मँईनं काय उचललं हे नुसत्या क्रियापदावरून पोरांना आधीच कळतं आणि पोरं फिदीफिदी हसायला लागतात. बाई सांगताना स्वतःच इतक्या हसत होत्या की दोनदा थांबावं लागलं. शेवटी तात्पर्य नाही. मँई हावरटपणा करतो, त्याची फजिती होते, आपण हसतो. ज्याला हसलो तसं वागायचं नाही हे पोराला सांगावं लागत नाही.

काय झालं ते मी इथे लिहिणार नाही. मक्याचं शेत आहे, सरडे आजोबा आहेत, मँईची भूक आहे. पुढचं... नाही. जुलै चालू आहे.

आज कॅम्पमध्ये सांगितली ती हीच गोष्ट. म्हणून जास्त लागलं.

त्या डिसेंबरच्या दुपारी बाईंनी आणखी एक सांगितलं. त्या सात वर्षांच्या असताना त्यांना निवासी शाळेत टाकलं. अमेरिकन सरकारशी झालेल्या १८६८च्या तहातच कलम होतं, सहा ते सोळा वयाच्या मुलांना शाळेत पाठवायचंच. पुढे त्याचं काय झालं तुम्हाला माहीत आहे, पोरं दिने भाषेत बोलली की साबणानं त्यांचं तोंड धुवायचे. पण मी कधी कॅलेंडर मांडून पाहिलं नव्हतं. शाळा सप्टेंबरात भरायची, मेमध्ये सुटायची. म्हणजे गोष्टींचे महिने पोरं शाळेत, आणि घरी यायची ती नेमकी उन्हाळ्यात. बाई म्हणाल्या, "मी आजीला म्हणायचे, गोष्ट सांग. आजी म्हणायची, आत्ता नाही. आणि रडायची." चौदाव्या वर्षी पाय मोडला म्हणून एक आख्खा हिवाळा घरी राहिल्या. सरडे आजोबांची गोष्ट त्यांना तेव्हा मिळाली. पाय मोडून.

त्या आजीनंसुद्धा नियम मोडला नाही! एक उन्हाळा 'चालतंय' म्हणून सांगून टाकलं असतं तर कोण बोललं असतं? आणि तुम्ही म्हणता यूट्यूबवर टाका.

बॅरी टोल्कन नावाचे लोकसाहित्याचे अभ्यासक होते. त्यांनी १९६०च्या दशकापासून ह्यू यलोमॅन या दिने कथेकऱ्याच्या गोष्टी टेपवर घेतल्या होत्या. आयुष्यभराची कमाई. यलोमॅन गेल्यावर त्यांच्या मनानं घेतलं की या टेपा कोणी उन्हाळ्यात लावणार नाही याची हमी कुठलंच संग्रहालय देऊ शकत नाही. १९९०च्या दशकात त्यांनी सगळ्या टेपा त्या घरच्यांना परत केल्या, नष्ट झाल्या तरी चालतील म्हणून. आमच्या काकांना हे वेडेपणाचं वाटेल. मला त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटतं.

बरं, आता माझ्यावर तुटून पडण्याआधी कबूल करते. सगळ्या दिने लोकांचं यावर एकमत नाही. १९६६ला ॲरिझोनातल्याच रफ रॉक गावी त्यांनी स्वतःच्या ताब्यातली शाळा काढली, तिथे कायोटीच्या गोष्टी छापल्याही. 'स्टार वॉर्स' २०१३ला नवाहोत डब झाला, मग 'फाइंडिंग नीमो', उत्तमच झालं, त्यांना कुठे ऋतू आहे. फिनिक्सच्या फ्लॅटमध्ये वाढणाऱ्या, घरात आजी नसलेल्या पोराला मोबाइलवरची गोष्ट काहीच नसण्यापेक्षा बरी, हेही मान्य. माझी लेक तरी चिऊताई कुठून शिकली? टॅबलेटवरून. मी डबल शिफ्ट करत होते.

पण ते दिने लोकांनी ठरवायचं. मंडळाच्या ग्रुपनं नाही. पिसंवाल्या बाईंनी तर नाहीच.

येताना गाडीत लेकीनं विचारलं, तो मुलगा मध्येच का गेला? म्हटलं, त्याची आजी त्याला हीच गोष्ट हिवाळ्यात सांगणार आहे. जरा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "मग मी ऐकली ती खोटी होती का?" काय सांगू? म्हटलं, अर्धी होती. आता शिखरांवर बर्फ कधी पडतो हे रोज बघणार आहे म्हणे.

लॅबमधल्या बाईंना संध्याकाळी फोन करून सगळं सांगितलं. मला वाटलं चिडतील. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या आणि उद्या डब्यात काय आणतेयस विचारलं. थालीपीठ.

कोणाला ती सरड्याची गोष्ट माहीत असेल तर कृपा करून खाली कमेंटमध्ये टाकू नका. डिलीट करीन. पहिला बर्फ पडला की आठवण करा, माझ्याकडे बसून सांगते, पोरांना घेऊन या.