फाइल जाड करा, पुढचं आपोआप होईल

नोकरी मिळत नाही अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की मी आधी त्याची फाइल हातात घेतो आणि वजन बघतो. उघडत नाही. मुलाखत घेणारे तरी कुठे उघडतात? पारदर्शक कप्प्यांची ती निळी फाइल तुमच्याकडेही असेलच. पुढे दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, मग शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, नॉन-क्रीमिलेअर, पदवी. आणि त्यामागे? मागचे कप्पे एकमेकांना चिकटून बसलेले, कारण त्यांत आजवर काही गेलेलंच नाही. एवढ्या भांडवलावर तुम्ही नोकरी मागायला निघालात!

तेव्हा पदवी मिळाली म्हणजे शिक्षण झालं, हे खूळ आधी डोक्यातून काढून टाका. पुढच्या कोर्सच्या अर्जातला एक रकाना पदवीनं भरतो, इतकाच तिचा उपयोग. दुसरं म्हणजे, कुठलाही कोर्स करताना ‘हे कशाला लागतं?’ असं तोंडातून काढायचं नाही. असं विचारणाऱ्याचं शिकण्यात मन नाही, असा लोकांचा समज होतो.

टायपिंगचंच घ्या. लिपिक-टंकलेखक व्हायचं तर मराठीचा मिनिटाला 30 शब्द आणि इंग्रजीचा 40 शब्द वेग असल्याचं शासनमान्य प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी तालुक्याच्या गावी बसस्टँडमागच्या क्लासला जाऊन बोटं झिजवा. रुजू झाल्यावर साहेब मोबाइलमध्ये बोलून मजकूर तयार करतील, तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतील, आणि तुम्ही प्रिंट काढाल. तरी वेग हवाच. एमएस-सीआयटी या संगणकाच्या कोर्सचंही तसंच. मुदतीत हा कागद न आणणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी रोखल्या गेल्या, दिलेल्या वाढी वसूल करायला निघाले, लोक कोर्टात गेले. संगणक येतो की नाही हा प्रश्न त्यात कुठेच नव्हता, म्हणून तर प्रकरण कायद्याच्या दृष्टीनं इतकं सोपं राहिलं.

या क्षेत्रातला सुवर्णकाळ मात्र तुमचा हुकला असेल तर हळहळ वाटते. 2020 चा उन्हाळा. माणसं घरात कोंडलेली आणि राज्यातलं एकेक महाविद्यालय प्रमाणपत्रं वाटत सुटलेलं. विषयाला बंधन नव्हतं: कोरोना जनजागृती, योग, बौद्धिक संपदा, संतसाहित्य, मधमाशीपालन. व्हॉट्सअ‍ॅपवर गूगल फॉर्मची लिंक यायची, ‘सोडवा प्रश्नमंजुषा आणि मिळवा आकर्षक ई-प्रमाणपत्र’. पंचवीसेक प्रश्न. 40 टक्क्यांना पास, आणि त्याखाली गेलात तर पुन्हा सोडवायची मुभा, त्यामुळे नापास होण्यासाठी खास जिद्द लागायची. फॉर्मच्या तळाशी दोन सूचना असत. एक, नाव इंग्रजी कॅपिटल अक्षरांत अचूक लिहावं, प्रमाणपत्रावर तेच छापलं जाईल. दुसरी, दिवसाला शंभरच प्रमाणपत्रं जातात, कृपया संयम बाळगावा. फुकटच्या जीमेल खात्यावरून आपोआप जाणाऱ्या मेलला तेवढीच मर्यादा असते. म्हणून जाणकार मंडळी लिंक कधी उघडते यावर डोळा ठेवून असत आणि पहिल्या शंभरात नंबर लावत.

मग ते यायचं. सोनेरी महिरप, डाव्या कोपऱ्यात संस्थेचं बोधचिन्ह, उजव्या कोपऱ्यात संस्थापकांचा फोटो, मध्ये ठिपक्यांच्या रेषेवरून घसरून बाहेर निघालेलं तुमचं नाव. खाली तीन सह्या: उपक्रमाचे संयोजक, आयक्यूएसी म्हणजे गुणवत्ता कक्षाचे समन्वयक आणि प्राचार्य. प्राचार्यांची सही स्कॅन करताना तिच्यामागचा करडा कागदही चौकोनासकट सोबत आलेला. यात कुणाचं नुकसान झालं सांगा. महाविद्यालयाला, दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या अहवालात लिहायला एक उपक्रम मिळाला, प्राध्यापकांना आयोजनाचं श्रेय मिळालं, तुम्हाला कागद मिळाला. मधमाश्यांचं तेवढं काही कळलं नाही.

आता तसा काळ पुन्हा येईल या आशेवर बसू नका, आयटीत शिरा. तिथली प्रमाणपत्रं दुधाच्या पिशवीसारखी तारीख टाकूनच येतात, त्यामुळे शिकणं संपण्याची धास्ती नाही. अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची तीन वर्षं टिकतात. मायक्रोसॉफ्टची बरीचशी वर्षभरातच जुनी होतात, पण ती नव्यानं करून घ्यायला पैसे पडत नाहीत. आता जे फुकट मिळतं त्याला रेझ्युमेत किती वर चढवायचं, ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर स्क्रमला, म्हणजे सॉफ्टवेअरचं काम छोट्या टप्प्यांत उरकण्याच्या पद्धतीला, तोड नाही. दोन दिवस वर्गात बसायचं, भिंतीवर रंगीत चिकट कागद लावायचे-काढायचे, मग 50 प्रश्नांतले 37 बरोबर आणायचे, की झालात तुम्ही सर्टिफाइड स्क्रममास्टर. शनिवार-रविवारात मास्टर करून सोडण्याची सोय आपल्याकडच्या एकाही गुरूला सुचली नव्हती. पुढे दर दोन वर्षांनी 100 डॉलर आणि शिकत असल्याचे 20 गुण दाखवले, की मास्टरकी चालू राहते. नाही भरले, तर त्या मध्यरात्री तुम्ही सगळं विसरलात असं धरतात. पीएमपी या प्रकल्प-व्यवस्थापनाच्या प्रमाणपत्रवाल्यांना तीन वर्षांत 60 पीडीयू जमवावे लागतात. एक तास शिकलं की एक पीडीयू. संध्याकाळी पुण्याच्या आयटीवाल्या हिंजवडीच्या चौकात गाडीचं स्टिअरिंग सोडून, कानात वेबिनार खुपसून, डोळे मिटून बसलेली माणसं दिसतात ना, त्यांना वैतागलेली समजू नका. फेज थ्रीपासून वाकडच्या पुलापर्यंत पोचेतो दीड पीडीयू सहज पदरात पडतो. पावसाळ्यात दोन.

प्रमाणपत्र हाती आलं की ते लिंक्डइनवर टाकणं हा अभ्यासक्रमाचाच भाग समजा. सुरुवात ‘आय अ‍ॅम थ्रिल्ड टु अनाउन्स’नंच करायची, घरी कितीही रडारड झालेली असो. मग बायकोचे, आईवडिलांचे, मेंटॉरचे आभार. खाली अभिनंदनांची रांग लागते. त्यातले निम्मे त्याच परीक्षेला बसलेले असतात आणि उरलेले तुमच्यासारखेच फोटोभोवती ‘ओपन टु वर्क’चं हिरवं कडं घालून बसलेले. नोकरी देऊ शकेल असा त्यात कुणी नसतो, पण सगळ्यांचं छान चाललंय असं एकमेकांना दिसत राहतं, आणि मनोधैर्यासाठी ते बरं असतं.

क्लास निवडायला फार डोकं लावू नका, क्लासच तुम्हाला निवडतो. एकदा चुकून नंबर दिलात की समुपदेशकांचा फोन सुरू होतो. फीवरची सवलत आज रात्री बारापर्यंतच असते. उद्या विचारलंत तर उद्याही ती आज रात्री बारापर्यंतच असते. फी जास्त वाटली तर बिनव्याजी हप्ते आहेत, म्हणजे नोकरीची वाट बघायच्या काळात महिन्याच्या पाच तारखेला काहीतरी घडेल याची खात्री. कालपर्यंत डेटा सायन्स शिकवणारे आता जनरेटिव्ह एआय शिकवतात. बोर्ड बदललाय, व्हाइटबोर्ड तोच आहे. आणि ‘आधीच्या बॅचमधलं कुणी लागलं का हो?’ असं विचारलंत, तर एकाशी लगेच बोलणं करून देतात. तो त्याच क्लासमध्ये लागलेला असतो.

सिक्स सिग्माबद्दल थोडक्यात. मोटोरोला कंपनीत 1986 साली चुका कमी करण्याची ही पद्धत निघाली. दहा लाख संधींमागे 3.4 चुका, असं तिचं माप. यलो, ग्रीन, ब्लॅक असे पट्टे मिळतात. या वर्गात मुंबईच्या डबेवाल्यांची गोष्ट हटकून सांगतात, आणि हार्वर्ड बिझनेस स्कूलनं त्यांच्यावर केस स्टडी केली हेही सांगतात. मावळ-जुन्नरकडच्या त्या टोपीवाल्या माणसांकडे पट्टा कुठल्या रंगाचा असतो, हा प्रश्न तुमच्या मनात आला तर तो मनातच ठेवा. फी परत मिळत नाही.

पण खरी चिकाटी बघायची तर शिक्षक होऊ पाहणाऱ्यांकडे बघा. एकेकाळी गावोगाव प्राथमिक शिक्षक घडवणारी डी.एड. कॉलेजं निघाली आणि बारावी झालेली पोरंपोरी तिकडे लोटली. 2012 साली भरतीच थांबली. बसून काय करायचं, म्हणून 2013 पासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. 150 गुणांची, खुल्या गटाला 90 हवेत, प्रमाणपत्र सात वर्षं चालणार. भरती जवळपास नसल्यानं ही सात वर्षं निवांत गेली. सुरुवातीच्यांची मुदत संपल्यावर, 2021 मध्ये, प्रमाणपत्र आता तहहयात चालेल असं जाहीर झालं. तहहयात हा शब्द त्यांना नीट कळला. दरम्यान भरतीसाठी शिक्षक अभियोग्यता चाचणी आली होती, 200 गुणांची. पहिली 2017 च्या डिसेंबरात, दुसरी 2023 च्या फेब्रुवारीत. मधली पाच वर्षं उजळणीला. हे सगळं पार करून शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर नाव लागलं, की प्राथमिकला 16,000 रुपये मानधनावर तीन वर्षं शिक्षणसेवक व्हायचं. तुम्हाला शिकवता येतं का, ते त्या तीन वर्षांत बघतात. आधीच्या परीक्षांवरून कळलं नसावं.

एकदा कायम झालो की सुटलो, असंही समजू नका. 1 सप्टेंबर 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या सेवेतल्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हावं. त्यामुळे आता काही घरांत एकाच टेबलावर आई टीईटीचं आणि लेक दहावीचं पुस्तक उघडून बसतात, आणि गणित कुणी कुणाला विचारायचं यावर वाद होतात. काहींना एवढा धीर धरवला नाही. 2019-20 च्या टीईटीत पैसे देऊन पास झालेल्यांचं प्रकरण निघालं तेव्हा 7,800 च्या घरातली नावं बाहेर आली, आणि 2021 च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी परीक्षा परिषदेच्या तत्कालीन आयुक्तांनाच अटक केली. त्या उमेदवारांवर सगळ्यांनी तोंडसुख घेतलं. मला तर त्यांची घाई तेवढी खटकली. त्यांनी एकदम दिले, बाकीचे डी.एड.पासून हप्त्याहप्त्यानं देतच होते.

प्राध्यापकी तर आणखी मजेची. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला 2021 च्या जुलैपासून पीएच.डी. सक्तीची, असं यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, 2018 साली ठरवलं. नेट-सेट या पात्रता परीक्षा झालेली माणसं धावत सुटली. मार्गदर्शक शोधले, विषय शोधले, तालुक्यातल्या तालुक्यात महिला बचत गटांचे चिकित्सक अभ्यास झाले. मुदत 2023 च्या जुलैवर गेली. प्रबंध बांधून आले, मागे सोनेरी अक्षरं उठवली. आणि 2023 चा जुलै उजाडला तेव्हा यूजीसीनं कळवलं, की नेट-सेट पुरे. पीएच.डी. असेल तर असू द्या. आता हे डॉक्टर तासिका तत्त्वावर शिकवतात. वर्गात हजेरी घेताना आणि बिल भरताना दोन्हीकडे नावामागे डॉ. लावतात, बिल मात्र तेवढंच होतं.

एवढं सगळं तुम्ही नेटानं केलंत, तर एक दिवस कागदपत्र पडताळणीचं बोलावणं येईलच. मूळ प्रती, स्वयंसाक्षांकित झेरॉक्सचे दोन संच, पासपोर्ट फोटो, डिंक. टेबलापलीकडचा कारकून तुमची जाडजूड फाइल पहिल्यांदाच खरोखर उघडेल आणि एकेका कागदावरच्या नावावर पेन्सिलीनं गोल करत जाईल. दहावीला आडनाव आधी. पदवीवर शेवटी आईचं नाव. अमेरिकेच्या कंपनीनं वडिलांचं नाव गाळलेलं. मधमाश्यांच्या प्रमाणपत्रावर पहिल्या शंभरात यायच्या घाईत एक ‘ए’ खाल्लेला. मुलगी असाल आणि मध्ये लग्न झालं असेल, तर एक आख्खं आडनावच जास्तीचं. कारकून चष्मा वर करून विचारेल, ‘ही सगळी माणसं तुम्हीच का?’

घाबरू नका. कचेरीबाहेर लिंबाखाली छत्री लावून एक गृहस्थ बसलेले असतात. त्यांच्याकडे मजकूर तयार असतो: वरील सर्व नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे, हे मी सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो. त्यांचा मराठीचा वेग 30 च्या कितीतरी वर आहे आणि प्रमाणपत्र कुणी मागितल्याचं मी पाहिलेलं नाही. फक्त प्रतिज्ञापत्र करणाऱ्याचं नाव म्हणून यातलं नेमकं कुठलं घालायचं, ते रांगेत उभं राहण्याआधी ठरवून जा. जेवणाच्या सुट्टीनंतर ते बसत नाहीत.